वस्तीत पोळी केंद्राच्या शाखा उभ्या करताना: सूक्ष्म फ्रँचायझीची हिशेबासकट रीत

मुंबईत चांगलं चालणारं पोळी केंद्र शोधायला लांब जावं लागत नाही. सकाळी साडेसहाला डबेवाले, नोकरदार आणि खोली करून राहणारे एकटे कामगार जिथे रांगेत उभे दिसतात, तिथे एखादी ताई तव्यावर असतेच. त्याच ताईची दुसरी शाखा मात्र क्वचित दिसते, आणि निघालीच तर बऱ्याचदा सहा महिन्यांत बंद पडते. पहिलं केंद्र तिच्या हातावर आणि नजरेवर चालतं. दुसऱ्या शाखेत ना तो हात असतो, ना ती नजर.

ही नजर मापात, वेळापत्रकात आणि वहीत उतरवून दुसऱ्या बाईच्या हाती देणं म्हणजे सूक्ष्म फ्रँचायझी. शाखा ज्या बाईची, तिची ती मालकी. मूळ केंद्राने नाव, रीत, सामान आणि देखरेख पुरवायची. घाना देशात ‘फॅन मिल्क’ कंपनी विक्रेत्यांच्या हाती थंड पेटी लावलेली सायकल देते, तीही याच जातीची व्यवस्था. आपल्याकडे लिज्जत पापड ही फ्रँचायझी नव्हे, तिथे प्रत्येक भगिनी सहमालक असते. पण शिकण्यासारखी गोष्ट तिथेही आहे. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेलं ते काम पसरलं, कारण पीठ केंद्रातच मळलं गेलं, मोजून दिलं गेलं, घरी फक्त लाटलं गेलं आणि पापड परत घेताना पुन्हा वजन झालं. चव बिघडण्याची जागा केंद्राने स्वतःकडे ठेवली.

हा लेख ज्यांचं एक केंद्र नीट चालतंय अशा ताईंसाठी, आणि वस्तीत बायकांना धंदा उभा करून देऊ पाहणाऱ्या बचत गटांसाठी व संस्थांसाठी आहे. उदाहरण घडीच्या पोळीचं घेतलं आहे. इडलीचं पीठ, भाजणी किंवा शिवणकाम असेल तर आकडे बदलतील, कामांचा क्रम हाच राहील.

पहिला आकडा: ताईच्या हातात रोज किती उरणार

नाव, बोर्ड, रंग यांच्या आधी हा आकडा ठरवा. वस्तीतली बाई धंद्याची तुलना दुकानाशी करत नाही, धुण्याभांड्याच्या कामाशी करते. चार घरची कामं आणि घरटी अडीच हजार धरले तर महिन्याला 10,000 होतात. 26 दिवसांनी भागले की दिवसाला साधारण 385. त्या कामात भांडवल लागत नाही, नुकसान होत नाही. म्हणून पोळी केंद्रातून दिवसाला किमान 600 रुपये हातात पडणार नसतील, तर ती पहिल्या अडचणीला केंद्र सोडेल. तिने सोडलं तर त्यात तिची चूक नाही.

आता एका पोळीचा खर्च. खालचे भाव समजून चालण्यासाठी आहेत, त्यांच्या जागी आपल्या बाजारातले आजचे भाव घाला.

1 किलो कोरड्या कणकेत पाणी आणि तेल मिळून 40 ग्रॅमचे 40 गोळे निघतात. कणीक 44 रुपये किलो धरली तर पोळीमागे 1.10 रुपये. मळायला 30 मिली आणि घडीत लावायला 40 मिली मिळून किलोमागे 70 मिली तेल, म्हणजे पोळीमागे 25 पैसे. दोघी असतील, एक लाटणारी आणि एक भाजणारी, तर तासाला 80 ते 90 पोळ्या होतात. शेगडी तासाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते, तो पोळीमागे 30 पैसे. कागद-पिशवी 20 पैसे, उरल्यासुरल्याचं नुकसान 5 पैसे. एकूण 1.90. लाटणाऱ्या मदतनीस बाईला नगावर 1 रुपया.

विक्री दोन तऱ्हेची असते. गल्लीतलं गिऱ्हाईक 8 रुपयांनी घेतं. खाणावळ, छोटं कारखान्याचं कँटीन किंवा मेसवाला रोजचा बांधील असेल तर 7 रुपये. दिवसाला 120 पोळ्या सुट्या आणि 80 बांधील गेल्या तर सरासरी भाव 7.60 येतो. त्यातून 1.90 आणि मदतनिसाचा 1 रुपया वजा केला की पोळीमागे 4.70 राहतात.

रोजचा ठराविक खर्च: गाळ्याचं भाडं महिन्याला 6,000 असेल तर दिवसाला 230, वीज-पाणी 40, सामानाचा हप्ता 100, दुरुस्ती 20. बेरीज 390. म्हणजे 83 पोळ्यांवर खर्च निघतो, 200 पोळ्यांना 550 हातात राहतात आणि 600 साठी 211 विकाव्या लागतात. हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून शाखेच्या भिंतीवर लावा. महिन्याचा नफा ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आज दुपारपर्यंत 140 गेल्या, अजून 71 जायला हव्यात, हे मात्र लगेच कळतं.

ताईच्या स्वतःच्या घरात जागा असेल आणि भाडं वाचत असेल, तर तिच्या हातात दिवसाला 230 जास्त राहतात. तरीही हिशेबात भाडं धराच. घरातली शाखा उद्या गाळ्यात हलवावी लागली की धंदा तोट्यात गेल्यासारखा वाटतो, आणि खरं तर तो पहिल्यापासूनच तसा असतो.

मूळ केंद्र आधी मालकिणीशिवाय चालवून बघा

सलग 30 दिवस मूळ केंद्रात तव्याला हात लावू नका. रोज एकदा जा, वही बघा, गोळा तोला, परत या. या महिन्यात जे जे विचारायला फोन येईल ते एका वहीत टिपा: मीठ किती, तेल संपलं तर कुठून आणायचं, कालच्या उरलेल्या कणकेचं काय करायचं, गिऱ्हाइकाने पोळी जाड म्हणून परत केली तर काय. हे प्रश्न म्हणजेच तुमच्या शाखेची नियमावली. तिसऱ्या आठवड्यात फोन थांबत नसतील तर शाखेची वेळ आलेली नाही.

साचा: अंदाजाच्या जागी माप

पोळीची रीत प्रत्येकीला येते, आणि हीच अडचण आहे. प्रत्येकीचा अंदाज वेगळा असतो. म्हणून शाखेत पाणी तांब्याने नाही, खुणा असलेल्या एक लिटरच्या मापाने घ्यायचं. 1 किलो चाळलेली कणीक, 10 ग्रॅम मीठ, 30 मिली तेल, 600 ते 650 मिली पाणी. नव्या हंगामाचा गहू किंवा वेगळ्या चक्कीचं पीठ आलं की पाण्याचं माप बदलतं. ते मूळ केंद्राने दर पोत्याला एक किलो मळून ठरवावं आणि पोत्यावर खडूने लिहावं: ‘630’. शाखेने त्यात डोकं चालवायचं नाही. मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली 25 मिनिटं ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाच किलो एकदम मळू नका. तीन-चार तासांत आंबूस वास येतो आणि पोळीवर काळपट ठिपके पडतात. त्या दिवसांत अडीच-अडीच किलोचे दोन घाणे करा.

सगळ्यात जास्त गळती गोळ्यात होते. दिवसाच्या सुरुवातीला गोळा 40 ग्रॅमचा तुटतो. दोन तासांनी हात थकतो, चिमूट मोठी येते आणि तोच गोळा 44 ग्रॅमवर जातो. डोळ्याला फरक दिसत नाही. पण 200 पोळ्यांमागे 800 ग्रॅम मळलेली, म्हणजे अर्धा किलो कोरडी कणीक जास्त गेलेली असते, दिवसाला 22 रुपये, महिन्याला 572. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. उपाय सोपा आहे: प्रत्येक घाण्याचे पहिले दहा आणि मधले दहा गोळे एकत्र काट्यावर ठेवायचे. 400 ग्रॅम यावेत. 390 ते 410 चालेल. दहा एकत्र तोलण्याचं कारण असं की एकेक तोलायला कुणालाच वेळ नसतो आणि पहिल्याच आठवड्यात ती सवय सुटते.

उलटं बिघडणंही असतं. धंदा मंदावला की गोळा 34-35 ग्रॅमवर उतरतो. पिठाचे पैसे वाचतात, आणि महिन्याभरात बांधील खाणावळवाला दुसरीकडे जातो. तो भांडत नाही, नुसता यायचा थांबतो.

भाजलेली पोळी गरम असताना प्लास्टिकमध्ये बांधू नये. वाफ आत धरते, पोळी घामेजते, कडा चिकट होतात आणि पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत वास मारते. जाळीवर सुती फडकं अंथरून पाच ते सात मिनिटं निवू द्या, मग कागदात गुंडाळा. गर्दीच्या वेळी हीच पायरी गाळली जाते. म्हणून जाळ्या दोन द्या: एकीवर गरम पोळ्या येत राहतील, दुसरीवरच्या बांधल्या जातील. एकच जाळी दिली तर नियम सांगूनही पाळला जात नाही.

सामान

सगळं सामान एकाच वेळी, एकाच मापाचं, मूळ केंद्राने घेऊन द्यावं. घरचा तवा चालेल असं ताई म्हणेल. चालत नाही. पातळ तवा मधे तापतो, कडा कच्च्या राहतात. द्यायचं सामान असं:

- जाड लोखंडी तवा, दोन पोळ्या एकदम बसतील असा
- दोन बर्नरची मजबूत शेगडी, नळी आणि रेग्युलेटर
- पोळपाट दोन, लाटणी तीन (एक पाण्यात पडतंच)
- 5 किलोचा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा
- मोठी परात, चाळण, एक लिटरचं माप, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे
- निववायच्या दोन जाळ्या, सहा सुती फडकी
- झाकणाचं पाण्याचं पिंप, तोटीसकट
- टोप्या, एप्रन, 2 किलोचं आग विझवायचं नळकांडं
- बोर्ड आणि भावफलक

हे 20,000 च्या आसपास बसतं. ताईने 5,000 अनामत द्यावी, उरलेले 15,000 कामाच्या दिवसाला 100 याप्रमाणे 150 दिवसांत फेडावेत. अनामत अगदी सोडून देऊ नका. फुकट मिळालेला तवा महिनाभराने माळ्यावर जातो. पण 15-20 हजार एकरकमीही मागू नका, त्यासाठी ती मंगळसूत्र गहाण ठेवेल. शिवाय पहिल्या आठवड्याचं पीठ, तेल, कागद आणि गॅस यासाठी 5,000 हाताशी हवेत, आणि गॅस जोडणीचं डिपॉझिट वेगळं.

कर्ज लागलं तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत तारण न देता कर्ज मिळू शकतं. बँकेत जाताना वरचा हिशेबाचा कागद आणि सामानाचं कोटेशन न्या. अर्जापेक्षा त्याने काम लवकर होतं. पहिल्याच आठवड्यापासून हप्ता सुरू होणारं गटकर्ज या धंद्याच्या सुरुवातीला घेऊ नये. पहिले सहा आठवडे विक्री चढती असते, पण 211 पर्यंत पोहोचलेली नसते. तो हप्ता पिठाच्या पैशातून जातो आणि आठव्या आठवड्यात पीठ आणायला पैसे उरत नाहीत.

जागा: आधी विक्री, मग शेगडी

गल्ली निवडताना घरांचा हिशेब करा. रोज 120 सुट्या पोळ्या, एक गिऱ्हाईक सरासरी पाच घेतं, म्हणजे 24 गिऱ्हाइकं. आठवड्याच्या सहा दिवसांत 144 खरेद्या. एक घर आठवड्यातून दोनदा घेत असेल तर 72 घरं हवीत. आठातलं एक घर पोळी विकत घेतं असं धरलं, तर चालत सात-आठ मिनिटांच्या टप्प्यात 576, म्हणजे सुमारे 600 घरं हवीत. धारावी, गोवंडी, साकीनाका अशा भागांत ती दोन-चार गल्ल्यांत सापडतात. पण नवरा-बायको दोघं कामावर जाणारी घरं आणि खोली करून राहणारे एकटे पुरुष किती, हे मोजणीत वेगळं लिहा. खरे गिऱ्हाईक तेच. तीन दिवस सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ गल्लीच्या तोंडाशी थांबलं की अंदाज येतो.

त्यानंतर काही विकत घेऊ नका. दहा दिवस मूळ केंद्रातून पोळ्या डब्यात घालून न्या आणि त्याच ठिकाणी, त्याच ताईने विकाव्यात. पहिल्या दिवशी 40, मग जातील तशा वाढवा. दहाव्या दिवसापर्यंत 90 च्या पुढे गेलं नाही तर गल्ली बदला. या चाचणीत नुकसान झालं तर ते मूळ केंद्राने सोसावं, आणि ताईला दहा दिवसांची रोजी द्यावी. वाईट गल्लीत 20,000 चं सामान अडकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

जागेत पाच गोष्टी बघा: पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, गटार उघडं आहे का, पावसात उंबऱ्यापर्यंत पाणी चढतं का, धूर-वाफ बाहेर जायला वाट आहे का, सिलिंडर शेगडीपासून लांब ठेवता येतो का. पाच किलो कणकेला सव्वातीन लिटरच पाणी लागतं, पण धुण्या-पुसण्याला दिवसाला तीसेक लिटर जातं. नळ अर्धा तासच येत असेल तर 60 लिटरचा साठा हवा.

ताई कशी निवडावी

चांगल्या पोळ्या करणारी बाई हा निकष पहिला नाही. पोळी महिन्यात बसते. सकाळी पाचला उठून सलग चार तास मोकळे देता येतील का, हे आधी विचारा. लहान मूल, आजारी सासू, नळाची वेळ, हे सगळं तिच्या घरी बसून बोला, घरातल्यांसमोर बोला. वहीत रोज दोन ओळी लिहिता येतील का, किंवा दहावीतली मुलगी लिहून देईल का? चुकीचे सुटे पैसे आले तर गिऱ्हाइकाला थांबवून सांगेल का?

क्यूआर कोड तिच्या स्वतःच्या बँक खात्याचा हवा. नवऱ्याच्या किंवा दिराच्या खात्याचा असेल तर आज ऑनलाइन आलेले पैसे उद्या पिठाला मिळतील याची खात्री नसते. यावर मूळ केंद्राने अजिबात मागे हटू नये.

शिकवणं: मूळ केंद्रात 12 दिवस, रोजी देऊन. पहिले चार दिवस मळणं आणि गोळा, पुढचे चार लाटणं-भाजणं, शेवटचे चार फक्त गल्ला, वही आणि गिऱ्हाईक. बहुतेक ठिकाणी शेवटचे चार दिवस गाळले जातात, आणि शाखा तिथेच अडते.

मूळ केंद्राने काय घ्यायचं

विक्रीवर टक्का मागू नका. रोख धंद्यात विक्री तपासता येत नाही. टक्का लावला की ताईला खोटं सांगण्याचं कारण मिळतं आणि तुम्हाला संशयाचं. त्याऐवजी पिठात घ्या. गहू घाऊक घेऊन, दळून, किलोला 40 रुपये पडला तर 44 ने द्या. दिवसाला 5 किलो उचल म्हणजे एका शाखेतून 20 रुपये, महिन्याला 520. वर सांगितलेला सैल हाताचा 572 चा आकडा आठवा: गोळा बिघडून जाणारा पैसा मूळ केंद्राच्या कमाईपेक्षा जास्त आहे. म्हणून देखरेख ही ताईवर लक्ष ठेवण्यासाठी नसते, तिचे पैसे वाचवण्यासाठी असते, आणि तिला हे याच आकड्यांनी समजावून सांगा.

पण 520 मध्ये देखरेख होत नाही. दहा शाखांचे 5,200 झाले आणि फेऱ्या मारणाऱ्या बाईला 15,000 पगार हवा. बऱ्याच चांगल्या योजना इथेच बुडतात. संस्थेचं अनुदान असेपर्यंत देखरेख चालते, नंतर कुणी फिरकत नाही. त्याला जोड द्यावी लागते. शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी मूळ केंद्रात करून 20 रुपयांच्या पाकिटात भरा. मूळ केंद्राला पाकीट 13 ला पडावं, शाखेला 16 ने द्यावं. शाखेत दिवसाला 20 पाकिटं गेली तर ताईला 80 रुपये वरचे मिळतात आणि मूळ केंद्राला 60. तिथून महिन्याला 1,560, पिठातले 520 मिळून 2,080. दहा शाखांचे 20,800; पगार जाऊन वाहतुकीला 5,800 उरतात. आठ शाखांच्या आत स्वतंत्र देखरेखीची बाई परवडत नाही, तोवर मालकिणीनेच फिरायचं. पाकीटबंद मालावर वजन, तारीख, किंमत, नाव-पत्ता आणि अन्न नोंदणीचा क्रमांक छापावा लागतो. पाकीट भरून विकण्यासाठी वैधमापनशास्त्र विभागाकडे (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) नोंदही करावी लागते.

पीठ हेच तपासणीचं साधन. आठवड्याला 30 किलो पीठ उचललं तर 1,200 पोळ्या यायला हव्यात. वहीत 1,200 आहेत आणि पीठ 24 किलोच गेलं, तर गोळा 32 ग्रॅमवर आलाय किंवा पीठ बाहेरून येतंय. भांडण न करता काटा काढा, परातीतले दहा गोळे तोला. दोन मिनिटांत कळतं. पीठ बाहेरचं असेल तर आधी स्वतःचा भाव तपासा. शेजारच्या चक्कीत 41 ला मिळत असेल तर ताई चुकत नाहीये.

कागदपत्रं

अन्न नोंदणी जागेवार असते, म्हणून प्रत्येक शाखेची वेगळी, ताईच्या नावाने. छोट्या धंद्याला लायसन्स नव्हे, नोंदणी लागते. अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर होतो आणि 14 आकडी क्रमांक मिळतो, तो दर्शनी लावावा. मूळ केंद्राची उलाढाल शाखांबरोबर वाढून ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की नोंदणी पुरत नाही, लायसन्स घ्यावं लागतं. पोळीला हात लावणाऱ्या प्रत्येकीचं वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र वर्षाला एकदा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला देऊ नका. महापालिकेच्या आरोग्य परवान्याची चौकशी आपल्या वॉर्ड ऑफिसात शाखा सुरू करण्यापूर्वी करा, नंतर नको.

गॅस 19 किलोचा व्यापारीच. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणं बेकायदा आहे, आणि आग लागली तर विम्याची आशाही सोडावी लागते. घरगुतीने पोळीमागे दहा-बारा पैसे वाचतात म्हणून हा मोह सगळ्यांनाच होतो. एका शाखेवर कारवाई झाली की नाव सगळ्या शाखांचं जातं.

करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, मराठीत, दोन पानांत. त्यात सामान कुणाचं आणि कधी तिचं होणार, पिठाचा भाव कसा ठरणार, तिच्या टप्प्यात दुसरी शाखा काढणार नाही हा मूळ केंद्राचा शब्द, आणि सोडताना काय, एवढं असावं. नावाचा ट्रेडमार्क व्यक्तीच्या किंवा छोट्या उद्योगाच्या नावाने ऑनलाइन केला तर एका वर्गाला 4,500 रुपये सरकारी फी आहे. हे तिसऱ्या शाखेच्या आधी करा, पहिल्या दिवशी गरज नाही.

वर्षभरात काय काय बिघडतं

*सण आणि गाव.* संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवसांत विक्री उतरते. गणपतीत आणि मे महिन्यात गिऱ्हाईकही गावी जातं आणि ताईही. कोकणातली असेल तर गणपतीचे दहा-पंधरा दिवस ती थांबणार नाही, आणि थांबवूही नये. प्रत्येक तीन शाखांमागे मूळ केंद्रात शिकलेली एक बदली बाई हवी. बांधील गिऱ्हाइकाला दोन आठवडे पोळी मिळाली नाही तर तो परत येत नाही.

*बुधवार, शुक्रवार, रविवार.* मटण-मासळीच्या दिवशी तांदळाच्या भाकरीची मागणी येते. ‘भाकरी पण ठेवा ना ताई’ हे रोज ऐकू येईल. पहिले तीन महिने ठाम नाही म्हणा. भाकरीचा तवा, पीठ, वेग सगळं वेगळं असतं. दोन्ही धरलं की पोळीची रांग खोळंबते.

*उधारी.* गल्लीतल्या गिऱ्हाइकाला 200 रुपयांपर्यंत आणि एका आठवड्यापुरती. त्यापुढे शाखेचा नियम म्हणून नाही म्हणायचं; ‘माझ्या हातात नाही, केंद्राचा नियम आहे’ असं म्हणता येणं ही फ्रँचायझीची ताईला मिळणारी मोठी सोय आहे. शेजारणीला तोंडावर नाही म्हणणं तिला जड जातं. बांधील गिऱ्हाइकाकडून पंधरवड्याचे अर्धे पैसे आगाऊ घ्या.

*एकच मोठं गिऱ्हाईक.* एखादं कँटीन रोज दीडशे पोळ्या मागतं आणि ताई खूश होऊन गल्लीतल्या गिऱ्हाइकाला थांबायला लावते. कँटीनचं कंत्राट बदललं की सगळं संपतं. गिरणगावात 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची गिऱ्हाइकं अशीच एकाच वेळी गेली. कुठलंही एक गिऱ्हाईक रोजच्या विक्रीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं होऊ देऊ नये.

*घरचा गल्ला.* संध्याकाळी पैसे तीन डब्यांत टाकायचे: पीठ-गॅस-तेल-मदतनीस, भाडं-हप्ता-वीज, आणि उरलेला घरचा. 200 पोळ्यांच्या दिवशी 1,520 आले तर पहिल्या डब्यात 580, दुसऱ्यात 390, घरी 550. मुलाच्या फीसाठी पहिला डबा फोडला गेला, तर देखरेखीच्या बाईने ओरडण्यापेक्षा चार दिवसांचं पीठ उधार देऊन तो पुन्हा भरून घ्यावा. वर्षातून एकदा प्रत्येक घरात ही वेळ येते. त्यासाठी मूळ केंद्राने शाखेमागे 1,000 रुपये बाजूला ठेवावेत.

वाढवण्याचा वेग, आणि बंद करण्याची रीत

दुसरी शाखा सलग आठ आठवडे 211 च्या वर राहिली की तिसरी. पुढे महिन्याला एकीपेक्षा जास्त नको. 12 दिवसांचं शिक्षण, 10 दिवसांची चाचणी विक्री आणि पहिल्या पंधरवड्यातल्या रोजच्या फेऱ्या यातच मालकीण पुरी पडते.

पहिले 15 दिवस शाखेत रोज जा, पुढचा महिना दिवसाआड, नंतर आठवड्याला एकदा, पण वेगवेगळ्या वेळी. फेरीत पाचच गोष्टी: दहा गोळ्यांचं वजन, पिठाचं पोतं आणि वही यांचा मेळ, पिंप व फडकी, गॅसची नळी, आणि ताईच्या हातात या आठवड्यात किती उरले. शेवटचा प्रश्न आधी विचारा. चार आठवडे सरासरी 400 च्या खाली असेल तर जागा, वेळ किंवा बांधील गिऱ्हाईक यांत एक बदल करून आणखी सहा आठवडे द्या. त्यानंतरही वर गेलं नाही तर शाखा बंद करा.

बंद करताना ताई कर्जात राहता कामा नये. अनामत सात दिवसांत परत. सामान मूळ केंद्राने परत घ्यायचं आणि तिने भरलेल्या हप्त्यांतले निम्मे तिला द्यायचे. उरलेले निम्मे वापराची झीज. न फोडलेलं पीठ त्याच भावाने परत. हे सगळं करारात पहिल्याच दिवशी लिहिलेलं असेल तर वस्तीत पुढची ताई मिळते, नाहीतर त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवता येत नाही. परत आलेला तवा घासून, तेल लावून दोन दिवस मूळ केंद्रात चालवा आणि मगच पुढच्या शाखेत पाठवा. वापरून मुरलेला तवा नव्या तव्यापेक्षा शिकाऊ हाताला लवकर बसतो. पोळी चिकटत नाही.